पानिएच्या कडांवरून : मार्सेयच्या जुन्या वस्तीत तीन दिवस पायी

फ्रान्समधल्या मार्सेय (आपलं ‘मार्सेलिस’) शहराच्या जुन्या बंदराच्या उत्तरेला टेकडीवर वसलेली ‘ल पानिए’ ही वस्ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा मिनिटांत चालून होते. बहुतेक प्रवासी तिला दोन तास देतात, रंगवलेल्या भिंतींचे फोटो काढतात आणि खाली उतरतात. वस्ती खरोखर समजून घ्यायची असेल तर सुरुवात तिच्या कडांपासून करावी. आज दिसतं ते पानिए म्हणजे तीन बाजूंनी कापून उरलेला तुकडा आहे. पूर्वेची बाजू १८६०च्या दशकात एका रुंद रस्त्यासाठी कापली गेली, दक्षिणेची बाजू १९४३ मध्ये सुरुंग लावून उडवली गेली आणि पश्चिमेला नवं बंदर व नवं कॅथेड्रल बांधताना किनाराच बदलला. हे तीन घाव आधी पाहिले की आतल्या गल्ल्या इतक्या दाट का, त्या अचानक का संपतात आणि एवढ्या जुन्या शहरात जुनी घरं एवढी थोडी का, हे चालता चालता उलगडत जातं.

वार नीट निवडावेत. महापालिकेची संग्रहालयं सोमवारी बंद असतात आणि म्यूसेम हे राष्ट्रीय संग्रहालय मंगळवारी, त्यामुळे बुधवार ते शुक्रवार हे तीन दिवस सगळ्यात सोयीचे. महापालिकेच्या संग्रहालयांत कायमस्वरूपी दालनांना तिकीट नाही, तेव्हा एकाच जागी दोनदा जायला हरकत नसते. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी बारा ते चार या वेळात दगडी पायऱ्या आणि भिंती तापतात. ते तास संग्रहालयांत घालवावेत. थंडीत ऊन छान असतं, पण ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून खाली येणारा मिस्त्राल वारा सुटला की आकाश लख्ख निळं आणि अंगात हुडहुडी, असा प्रकार होतो. गल्ल्यांत तो फारसा जाणवत नाही, समुद्राकडच्या पटांगणात मात्र उभं राहणं कठीण करतो. वारा असेल त्या दिवशी तिसऱ्या दिवसाची वाट मागे ढकलावी आणि आतल्या गल्ल्यांचा दिवस पुढे घ्यावा.

बूट रबरी तळाचे हवेत. पायऱ्यांचे दगड शेकडो वर्षांच्या वर्दळीने गुळगुळीत झाले आहेत आणि पावसाच्या चार थेंबांनीही घसरतात. बाबागाडी आणि चाकांची बॅग या वस्तीत निव्वळ ओझं ठरते. राहायची जागा वस्तीच्या आत असेल तर बॅग हातात उचलून पायऱ्या चढाव्या लागतील हे धरून चालावं. आणखी एक गोष्ट. इथली बरीच घरं हल्ली पर्यटकांना दिवसांच्या भाड्याने दिली जातात आणि जुन्या रहिवाशांना घरं मिळणं अवघड झालं आहे. भिंतींवर त्याबद्दलच्या संतापाच्या घोषणा दिसतात. बंदराजवळच्या साध्या हॉटेलात राहिलं तर पायपीट वाढत नाही आणि या दुखण्यात भरही पडत नाही.

पहिला दिवस : दक्षिणेची कड

पॅरिसच्या गार द लियों स्थानकातून टीजीव्ही ही अतिवेगवान गाडी साधारण सव्वातीन तासांत मार्सेयच्या सँ-शार्ल स्थानकात येते. विमानाने येणाऱ्यांना विमानतळावरून थेट याच स्थानकापर्यंत बस मिळते, अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. स्थानकाबाहेर १०४ पायऱ्यांचा भव्य जिना आहे. त्याच्या वरच्या टोकाला उभं राहिलं की समोर दक्षिणेला टेकडीवरचं नोत्र-दाम द ला गार्द हे चर्च दिसतं. दिशा लक्षात ठेवायला ही खूण तिन्ही दिवस कामी येते, कारण वस्तीतून खालच्या बाजूला जिथे जिथे उघडीप मिळते तिथे तिथे हेच शिखर दिसतं. सामान असेल तर मेट्रोच्या एम-१ मार्गाने दुसरं स्थानक व्यू-पोर, म्हणजे जुनं बंदर. सामान नसेल तर जिना उतरून कानब्येर या रस्त्याने सरळ खाली चालत पंधरा-वीस मिनिटं.

बंदरावर जाण्याआधी उजव्या हाताच्या बूर्स खरेदीसंकुलात शिरावं. शहराचं इतिहास संग्रहालय तिथेच आहे आणि त्याला लागून प्राचीन बंदराचे उघडे अवशेष आहेत. १९६७ मध्ये या संकुलाच्या पायाचं खोदकाम चालू असताना ग्रीक तटबंदी आणि बंदराचा धक्का हाती लागला. इथे समुद्र आणखी आतपर्यंत होता आणि पुढे गाळाने भरत गेला, हे धक्क्याच्या दगडांजवळ उभं राहिलं की स्वच्छ दिसतं. इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास आशिया मायनरमधल्या फोकेया गावचे ग्रीक दर्यावर्दी या खाडीत आले आणि त्यांनी मस्सालिया वसवलं. त्यांची वस्ती होती ती उत्तरेकडच्या टेकड्यांवर, म्हणजे आजच्या पानिएच्याच जागेवर.

संग्रहालयाला किमान अडीच तास द्यावेत आणि त्यातला मोठा वाटा जहाजांना. १९७४ मध्ये याच खोदकामात सापडलेलं रोमन मालवाहू जहाज इथे ठेवलं आहे. ओलं लाकूड उघड्यावर सुकलं असतं तर चिरफाळून गेलं असतं, म्हणून ते गोठवून त्यातलं पाणी निर्वातात काढून टाकलं गेलं. त्याहून मोलाच्या आहेत प्लास झ्यूल व्हेर्न या चौकात १९९०च्या दशकात मिळालेल्या ग्रीक नावा. त्यांतल्या एका लहान नावेच्या फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या नाहीत, दोरीने शिवलेल्या आहेत. तिची तंतोतंत प्रतिकृती ‘जिप्तिस’ नावाने बांधून २०१३ मध्ये समुद्रात उतरवली गेली. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही काथ्याने शिवलेल्या नावांची मोठी परंपरा होती, आणि गोव्यात अलीकडेच त्या पद्धतीने ‘कौंडिण्य’ हे जहाज बांधलं गेलं. शिवणीची भोकं, त्यांतल्या खुंट्या, दोरीखालची भरण हे सगळं इथे काचेपलीकडे हातभर अंतरावर बघता येतं.

दुपारचं जेवण बाराला धरावं. फ्रान्समध्ये बहुतेक स्वयंपाकघरं दोनच्या सुमारास बंद होतात, आणि आपल्या सवयीने अडीचला जागा शोधत फिरलं तर सँडविचवर भागवावं लागतं. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी क्वचितच मिळतं.

जेवण झालं की र्‍यू द ला रेप्युब्लिक ओलांडून ग्रांद-र्‍यू या रस्त्याला लागावं. नावाप्रमाणे मोठा वाटत नाही, पण प्राचीन शहराचा मुख्य रस्ता याच ओळीत होता. कोपऱ्यावर १५३५ मधलं ओतेल द काब्र हे दगडी घर आहे. १९४३ च्या विध्वंसातून ते वाचलं, मात्र नव्या रस्त्यांच्या आखणीत बसेना, तेव्हा १९५४ मध्ये अख्खं घर उचलून ९० अंशांत फिरवलं गेलं. म्हणून कोपऱ्यावरच्या पाटीत आणि घराच्या तोंडात मेळ वाटत नाही.

तिथून खाली बंदराच्या धक्क्यावर यावं. १७व्या शतकातलं नगरभवन बाहेरून नीट पाहावं. खाली व्यापाऱ्यांचा कारभार आणि वर नगरपालांचा, अशी त्याची विभागणी होती, आणि दोघांची सरमिसळ होऊ नये म्हणून आत जिना ठेवलाच नाही. वरच्या मजल्यावर जायचं तर मागच्या इमारतीतून पूल ओलांडावा लागतो. तो पूल मागच्या गल्लीतून मान वर केली की दिसतो. याच्याच मागे मेझों द्यामांते हे हिऱ्यासारखे पैलू पाडलेल्या दगडांचं घर आहे. ऊन तिरकं असताना, म्हणजे सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर, पैलूंच्या सावल्या पडतात तेव्हाच त्याची खरी शोभा कळते.

आता आजूबाजूला पाहावं. ही दोन-तीन जुनी घरं सोडली तर धक्क्यापासून वर र्‍यू केसरीपर्यंत सगळ्या इमारती एकाच वयाच्या आहेत. जानेवारी १९४३ मध्ये जर्मन सैन्याच्या हुकमावरून आणि फ्रेंच पोलिसांच्या हातून या भागाला वेढा पडला. घरोघर झडती झाली, सुमारे २०,००० लोकांना थोडक्या सामानानिशी बाहेर काढलं गेलं आणि अनेकांना फ्रेज्यूसच्या छावणीत नेलं गेलं. त्या दिवसांत शहरात पकडलेल्यांपैकी १,६४२ जणांना आगगाडीने उत्तरेला काँप्येन्यला पाठवलं. त्यांतल्या सुमारे ८०० ज्यूंची पुढे सोबिबोरच्या मृत्युछावणीत रवानगी झाली. १ फेब्रुवारीपासून सुरुंग लावायला सुरुवात झाली. जवळपास १४ हेक्टरांतल्या १,५०० च्या आसपास इमारती जमीनदोस्त झाल्या.

युद्धानंतर वास्तुकार फेर्नां पुयों यांनी धक्क्यावरच्या इमारती उभ्या केल्या. वरवर पाहिलं तर त्या साध्या सरकारी चाळींसारख्या भासतात, आणि घाईतला प्रवासी त्यांच्याकडे पाठ फिरवतो. पण जवळ जाऊन दगड पाहावा. फोंव्हिएयच्या खाणीतला हा पिवळसर दगड पातळ तक्त्यांत कापून त्यालाच साचा केलं आणि मागे काँक्रीट ओतलं. त्यामुळे काम झपाट्याने आणि स्वस्तात झालं, तरी रस्त्यावरून जाणाऱ्याच्या नजरेला खरा दगडच येतो. खालच्या कमानींतली सावली आणि वरच्या लाकडी खिडक्यांची लय यांच्यामुळे ही इमारतींची रांग बंदराला शोभते, असं आमचं ठाम मत आहे.

प्लास व्हिव्हो या चौकातलं रोमन गोदामांचं संग्रहालय या विध्वंसाखालूनच वर आलं. १९४७ मध्ये ढिगारे उपसताना रोमन काळातलं गोदाम आणि त्यात जमिनीत पुरलेले मातीचे प्रचंड रांजण मिळाले. एकेकात माणूस सहज मावेल. त्यांत मुख्यतः दारू साठवली जाई. संग्रहालय लहान आहे, पाऊण तास पुरतो. ते त्या दिवशी उघडं आहे ना हे सकाळीच बघून घ्यावं. संध्याकाळी धक्क्याने पश्चिमेला चालत सँ-जाँ किल्ल्याच्या पायथ्याशी जावं. तिथे जर्मनांनी बांधलेल्या खंदकवजा काँक्रीट तळघरात हद्दपार केलेल्यांचं स्मारक-संग्रहालय आहे. मुलं बरोबर असतील तर आधी मोठ्यांनी आत जाऊन यावं.

परतताना र्‍यू केसरीवरून यावं. रस्त्याची खालची बाजू युद्धानंतरची, वरची बाजू जुनी. या रस्त्याच्या मधोमध उभं राहिलं की सुरुंगांची हद्द कुठे थांबली ते दोन्ही हातांना दिसतं.

दुसरा दिवस : टेकडीच्या आत

आठच्या ठोक्याला निघावं. दुकानं दहा-अकराला उघडतात, तोवर लोखंडी शटर खाली असतात आणि त्यांवरची चित्रं पूर्ण दिसतात. दुकानं उघडली की निम्मी चित्रं गुंडाळली जातात. साडेदहानंतर मोठ्या पर्यटक जहाजांमधले जथे येऊ लागतात आणि बंदरावरून निघणारी छोटी पर्यटक-गाडी अरुंद गल्ल्यांतून जाते. ती समोरून आली की एखाद्या दाराच्या खोबणीत उभं राहण्याखेरीज इलाज नसतो.

चढाई र्‍यू केसरीवरून मोंते देझाकूल या पायऱ्यांनी करावी. पायऱ्यांच्या तळाशी आकूलचा घंटाघराचा मनोरा एकटाच उभा आहे. त्याचं चर्च फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात पाडलं गेलं, मनोरा राहिला. उजवीकडे वर जी लांबलचक कमानींची इमारत दिसते ती ओतेल-द्य, म्हणजे शहराचं जुनं इस्पितळ. आता तिथे पंचतारांकित हॉटेल आहे. शेजारच्या चौकाला झाक दाव्हिएल यांचं नाव आहे. डोळ्यातलं मोतीबिंदूचं भिंग आत ढकलून देण्याची जुनी रीत सोडून ते बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया १८व्या शतकात रूढ करणारे शल्यविशारद ते हेच, आणि या शहरात त्यांनी बरीच वर्षं काम केलं.

पायऱ्या संपल्या की र्‍यू द्यू पानिए लागते. वस्तीला नाव मिळालं ते इथल्या १७व्या शतकातल्या एका सराईवरून. इथून पुढे फोनवरच्या नकाशाचा भरवसा धरू नये. गल्ल्या अरुंद आणि घरं चार-पाच मजली असल्याने ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो, आणि नकाशाला उंची कळत नाही : दहा मीटरवर दाखवलेला रस्ता प्रत्यक्षात तीन मजले खाली असतो. त्यापेक्षा सोपा नियम असा की वाट चुकली तर उतारावर चालत राहावं. दक्षिणेकडचा उतार बंदराला नेतो, पूर्वेचा र्‍यू द ला रेप्युब्लिकला आणि पश्चिमेचा कॅथेड्रलकडे. चौथा प्रकार फारसा संभवत नाही.

सगळ्यात वर प्लास दे मूलँ, पवनचक्क्यांचा चौक. समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटर उंचीवर. १६व्या शतकात या माथ्यावर पंधरा पवनचक्क्या होत्या. काहींचे बुंधे आजही घरांत मिसळून गेलेले दिसतात. गोल भिंतीचं घर दिसलं की ओळखावं. चौकात झाडं, बाकं आणि शांतता आहे, फेरीवाले इथवर येत नाहीत. मिस्त्रालला शिव्या देणाऱ्यांनी इथे येऊन बघावं की याच वाऱ्यावर शहराचं पीठ दळलं जात होतं.

नऊला व्येय शारिते उघडतं आणि तिथे दारातच हजर असावं. वस्तीतली ही सगळ्यात महत्त्वाची वास्तू, तिला सकाळचे दोन-अडीच तास द्यावेत. १७व्या शतकात राजाज्ञेने शहरातल्या भिकाऱ्यांना आणि निराधारांना कोंडून ठेवायला ही इमारत बांधायला घेतली. काम १६७१ मध्ये सुरू झालं आणि १७४९ मध्ये संपलं. रचनाकार प्येर प्यूजे, याच वस्तीत १६२० मध्ये जन्मलेला शिल्पकार-वास्तुकार. आत शिरण्याआधी इमारतीला बाहेरून एक फेरी घालावी : बाहेरच्या भिंती जवळजवळ आंधळ्या आहेत. आत आल्यावर मात्र चारही बाजूंना तीन मजली कमानींच्या ओवऱ्या चौकाकडे तोंड करून उघडतात. दगड जवळच्याच कुरोन भूशिराच्या खाणीतला, गुलाबी आणि पांढऱ्या छटांचा. कोंडलेल्यांना जग दिसू नये आणि जगाला कोंडलेले दिसू नयेत, हा हेतू भिंतींच्या मांडणीतच आहे. एवढ्या देखण्या ओवऱ्या त्यासाठी बांधल्या गेल्या हे पचवायला जड जातं.

चौकाच्या मध्यावर छोटं प्रार्थनागृह आहे. त्याचा घुमट गोल नाही, लंबगोल आहे. बरोबर मध्याखाली उभं राहून वर बघितलं, मग चार पावलं लांबीच्या दिशेने सरकलं की घुमटाचा आकार डोळ्यांदेखत ताणला जातो. पुढचा खांबांचा दर्शनी भाग १९व्या शतकात जोडलेला आहे, त्यावरून प्यूजेची पारख करू नये. पुढे ही इमारत कधी सैन्याकडे होती, कधी १९४३ नंतर बेघर झालेली कुटुंबं इथे दाटीवाटीने राहत होती. ती पडायला आली तेव्हा ल कोर्बुझिए यांच्यासारख्या वास्तुकारांनी आवाज उठवला, १९५१ मध्ये तिला संरक्षण मिळालं आणि दुरुस्ती १९८६ मध्ये पुरी झाली. आत दोन संग्रहालयं आहेत. भूमध्य पुरातत्त्वाच्या दालनातला इजिप्तचा संग्रह फ्रान्समध्ये लूव्रच्या खालोखाल गणला जातो. आफ्रिका, ओशनिया आणि अमेरिका खंडांच्या दालनात प्राध्यापक आंरी गास्तो यांनी जमवलेल्या, मातीने लिंपलेल्या आणि कोरलेल्या मानवी कवट्या आहेत. स्वच्छतागृह इथलं वापरून घ्यावं, वस्तीत दुसरं सहज मिळत नाही.

बाहेर पडून र्‍यू द्यू प्ती-प्वी, प्लास दे त्रेझ कांतों, र्‍यू सँत-फ्रांस्वाझ या गल्ल्यांतून रमतगमत फिरावं. काही घरांना लोखंडी टेकू दिसतील, काही दारांवर विटा रचून ती बंद केलेली असतील. ५ नोव्हेंबर २०१८ रोजी बंदरापलीकडच्या र्‍यू दोबाञ रस्त्यावर जुन्या इमारती कोसळून ८ जण दगावले. त्यानंतर शहरभर जुन्या घरांची तपासणी झाली आणि पुष्कळ घरं रिकामी करावी लागली. टेकूंचे फोटो काढताना एवढं ध्यानात असावं.

खाण्याबद्दल इथेच सांगतो. मार्सेयची खरी स्वस्त चव म्हणजे पानीस. हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल आणि मीठ एकत्र आटवून, साच्यात थापून, गार झाल्यावर चकत्या कापून तळायच्या. मराठी जिभेला पाटवडी तळून खाल्ल्यासारखं वाटेल. घटक शाकाहारी आहेत, पण तेल मासे तळण्याचंच आहे का ते विचारावं. पिझ्झा हाही इथला घरचा पदार्थ, इटलीतून आलेल्या कुटुंबांनी रुजवलेला. त्यात म्वात्ये-म्वात्ये मागितला तर अर्ध्या भागावर चीज आणि अर्ध्यावर अँकोव्ही मासे येतात. टोमॅटोच्या साध्या पिझ्झावर आणि काळ्या ऑलिव्हच्या तापनाद या चटणीतही अँकोव्ही असतात. शाकाहारी माणसाने तीन वाक्यं पाठ करावीत : सां व्यांद, सां प्वासों, सां आंश्वा. मांस नको, मासे नकोत, अँकोव्ही नको. ‘शाकाहारी’ एवढंच सांगितलं तर काही जण मासे त्यात धरत नाहीत. आणि आत शिरताना ‘बोंझूर’ म्हणायला विसरू नये. तो शब्द न बोलता थेट मागणी केली तर तो उद्धटपणा समजतात. मासे खाणाऱ्यांना बुयाबेस, म्हणजे अनेक माशांची इथली खास आमटी, चाखायची असेल तर ती खालच्या बंदराकडे, बऱ्याचदा आदल्या दिवशी सांगून. १९८० मध्ये काही खानावळींनी केलेल्या सनदेनुसार तिच्यात ठरलेल्या यादीतले किमान चार प्रकारचे मासे हवेत, आणि ते पाहुण्यासमोर कापून वाढायचे. पाटीवर फारच स्वस्त बुयाबेस दिसली तर ती माशांची साधी आमटी असते.

साबणाच्या दुकानांपाशी थांबावं, पण पारखून. लुई चौदाव्याच्या काळात, १६८८ मध्ये, मार्सेयच्या साबणात ऑलिव्हच्या तेलाखेरीज दुसरी चरबी घालायला मनाई झाली. आज मात्र ‘साव्हों द मार्सेय’ हे नाव कायद्याने कुणा एकाचं नाही, कुणीही कुठेही बनवून ते छापू शकतो. रंगीबेरंगी, सुगंधी वड्यांचा जुन्या साबणाशी संबंध नसतो. जुन्या पद्धतीचा साबण चौकोनी ठोकळा असतो, हिरवा किंवा पांढरट, सुगंधाविना, सहाही बाजूंना ठसा आणि त्यात ७२ टक्के हा आकडा. हिरवा ऑलिव्ह तेलाचा, पांढरा पाम किंवा खोबरेल तेलाचा. घटकांत ‘सोडियम टॅलोएट’ लिहिलं असेल तर त्यात प्राण्याची चरबी आहे. ठोकळा सुकत जाताना हलका होतो, तेव्हा घरी आणून वजन केलं आणि छापलेल्यापेक्षा कमी भरलं तर फसवणूक झाली असं समजू नये.

दुपारनंतर पूर्वेची कड. र्‍यू द लोरेत उतरत पासाज द लोरेत या बोळात शिरावं. दोन्ही हातांना उंचच उंच भिंती, वर आकाशाची पट्टी, वाळत घातलेले कपडे, आणि मग पायऱ्या उतरून कमानीतून एकदम र्‍यू द ला रेप्युब्लिकच्या रुंद पदपथावर. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, १८६२ ते १८६४ मध्ये, जुनं बंदर आणि जोलिएतचं नवं बंदर जोडायला टेकडी आरपार कापून हा रस्ता काढला. शेकडो घरं गेली. कमानीबाहेर आल्यावर मागे वळून, आपण किती पायऱ्या उतरलो ते पाहावं. कापलेल्या टेकडीची उंची तीच. हीच वाट उलट, खालून वर करणाऱ्यांना कमान सापडत नाही, कारण ती दुकानांच्या रांगेत साध्या दारासारखी दिसते.

तिसरा दिवस : समुद्राची कड

प्लास द लाँशपासून सुरुवात. ग्रीकांचा बाजारचौक इथेच होता असं मानलं जातं. उतरता चौक, कडेला कॉफीच्या टपऱ्या, आणि उताराच्या टोकाला बंदर. इथून दोन मिनिटांवर सँ-लोराँ चर्च : गुलाबी दगडाचं, जाड भिंतींचं, नक्षी जवळजवळ नाहीच. कोळ्यांच्या वस्तीचं हे चर्च. त्याच्या भोवतीची वस्ती १९४३ मध्ये गेली, चर्च राहिलं.

चर्चसमोरचं पटांगण म्हणजे तूरेत. इथे १७२० सालच्या प्लेगची आठवण काढलीच पाहिजे. २५ मे १७२० रोजी ‘ग्रां-सँ-आंत्वान’ हे जहाज पूर्व भूमध्यातून कापडाचे गठ्ठे घेऊन आलं. प्रवासात खलाशी दगावले होते, तरी मालाला वजनदार व्यापाऱ्यांचं पाठबळ असल्याने विलगीकरणाचे नियम ढिले झाले आणि गठ्ठे शहरात शिरले. पहिले बळी या टेकडीवरच्या दाट गल्ल्यांतच गेले. नव्वद हजारांच्या आसपास लोकवस्तीच्या शहरात निम्म्याच्या घरात माणसं मेली. तूरेतवर हजाराहून जास्त प्रेतं उन्हात सडत पडली, तेव्हा सप्टेंबरमध्ये शव्हालिए रोझ यांनी सैनिक आणि कैदी घेऊन ती शेजारच्या तटाच्या पोकळ बुरुजांत लोटली आणि वर चुना टाकला. आत्ता जिथे मुलं चेंडू खेळतात तीच ही जागा.

चर्चजवळून एक पादचारी पूल सँ-जाँ किल्ल्यात जातो. किल्ल्याच्या बागांना तिकीट नाही. १६६० मध्ये लुई चौदाव्याने बंडखोर मार्सेयला नमवलं, आणि पुढच्या दशकात जुन्या चौकोनी बुरुजाभोवती हा किल्ला उभा राहिला. त्याच्या तोफांचा रोख गावाकडेही होता हे तटावरून फिरताना कळतं. तिथून ११५ मीटर लांबीचा दुसरा, काळा, बारीक पूल म्यूसेमच्या गच्चीवर उतरतो. मधे एकही खांब नाही. रुडी रिचोटी यांनी २०१३ मध्ये पुऱ्या केलेल्या या इमारतीची बाहेरची जाळी दगडाची नाही, तंतुमिश्रित अतिकठीण काँक्रीटची आहे. प्रदर्शनाला तिकीट लागतं, पण जाळी आणि काच यांच्यामधून फिरत उतरणारी वाट मोफत. ती गच्चीवरून खाली अशीच करावी, सावल्यांचं जाळं अंगावर घेत. जोराचा मिस्त्राल असेल तर पुलावर टोपी आणि फोन सांभाळावा.

शेजारच्या, पाण्यावर पुढे झेपावलेल्या इमारतीत कोस्केर गुहेची प्रतिकृती आहे. मूळ गुहेचं तोंड समुद्रात ३७ मीटर खाली. आत हिमयुगातल्या माणसांनी काढलेले घोडे आणि पंजांचे ठसे. वेळ ठरलेलं तिकीट आधी काढावं लागतं.

मग ला माजोर. १८५२ ते १८९३ एवढ्या काळात बांधलेलं, १४२ मीटर लांबीचं, हिरव्या-पांढऱ्या दगडांच्या आडव्या पट्ट्यांचं कॅथेड्रल. व्होद्वाये आणि एस्पेरांद्य या दोघा वास्तुकारांच्या हयातीत ते पुरं झालं नाही. जहाजातून येणाऱ्याला शहराचं वैभव दिसावं म्हणून ते इथे समुद्रासमोर बांधलं गेलं. त्यासाठी शेजारच्या १२व्या शतकातल्या जुन्या कॅथेड्रलचा भाग पाडला. उरलेला तुकडा नव्या भिंतीला टेकून उभा आहे, आणि दोन्ही एका नजरेत घेतले की पश्चिमेचा घावही कळतो.

कॅथेड्रलच्या पायथ्यापासून उत्तरेला जोलिएतचं बंदर सुरू होतं. मराठी माणसाला हे शहर ‘मार्सेलिस’ म्हणून शाळेपासून ठाऊक असतं ते सावरकरांच्या उडीमुळे. लंडनमध्ये १३ मार्च १९१० रोजी अटक झालेल्या सावरकरांना घेऊन ‘मोरिया’ ही बोट जुलैच्या सुरुवातीला निघाली आणि ७ तारखेला मार्सेयच्या बंदरात आली. ८ जुलैच्या सकाळी ते शौचालयाच्या गवाक्षातून पाण्यात उतरले, पोहून धक्क्यावर चढले आणि धावू लागले. फ्रेंच सागरी पोलिसाने त्यांना पकडलं, बोटीवरून आलेल्या माणसांनी हात दिला आणि त्यांना परत बोटीवर नेलं गेलं. बोट बंदरातच उभी होती, त्यामुळे खरी कसोटी पाण्यातल्या अंतराची नव्हती. फ्रेंच भूमीवर पाऊल पडल्यावर फ्रेंच कायदा लागू होतो की नाही, याची होती. फ्रान्सने त्यांना परत मागितलं, प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं. पकडून सोपवण्यात अनियमितता झाली, पण ब्रिटनवर परत देण्याचं बंधन नाही, असा निवाडा २४ फेब्रुवारी १९११ रोजी आला. आज या धक्क्यांना कुंपण आहे, आतून कॉर्सिका आणि अल्जीरियाच्या बोटी सुटतात, आणि तिकिटाशिवाय पाण्याजवळ जाता येत नाही. बंदराचा विस्तार आणि लाटा अडवणारा लांबलचक बांध पाहायचा तर तूरेतकडूनच पाहावा, म्हणून हा मजकूर तिथे थांबून वाचणं बरं.

परतीची गाडी त्याच दिवशी असेल तर बंदरावर मागे फिरू नये. कॅथेड्रलपासून जोलिएत मेट्रो स्थानक दहा मिनिटांच्या अंतरावर आहे, आणि एम-२ मार्गाने तिथून दुसरं स्थानक सँ-शार्ल.